चंद्रोदय कोणत्या गावचा?

सत्य एकच असते, असे आपण सर्वच मानतो. परंतु ते सर्वांच्या दारी एकाच घटकेस येऊन उभे राहते काय, याचा विचार आपण क्वचितच करतो. मोठमोठ्या ग्रंथांतून या प्रश्नाची चर्चा झाली असेल. मला मात्र तो प्रथम सुचला तो जानेफळ येथे, एका संकष्टी चतुर्थीच्या रात्री, पाने वाढण्याच्या वेळी.

जानेफळ हे बुलढाणा जिल्ह्याच्या मेहकर तालुक्यातील गाव. तेथे आमच्या एक वृद्ध आत्याबाई राहत. संकष्टीचा उपवास त्यांनी उभ्या जन्मात मोडला नव्हता. त्या रात्री आकाश निरभ्र होते. अर्घ्याचे तबक घेऊन आत्याबाई अंगणात आल्या, तो निंबाच्या फांद्यांआडून चंद्र चांगला वर आलेला. त्यांनी हात जोडले, इतक्यात सुटीस आलेला त्यांचा नातू भिंतीवरची दिनदर्शिका हाती घेऊन धावत आला व म्हणाला, "आजी, थांब. चंद्रोदयाला अजून दहा मिनिटे आहेत." आत्याबाईंनी एकवार चंद्राकडे व एकवार नातवाकडे पाहिले आणि विचारले, "मग हा वर आला आहे तो कोण रे बाबा?"

सर्वजण हसले व नातू खजील झाला. परंतु दिनदर्शिका खोटी नव्हती. तीत छापलेली वेळ मुंबईची होती. पृथ्वी एक अंश फिरण्यास चार मिनिटे घेते. जानेफळ मुंबईच्या पूर्वेस पावणेचार अंशांच्या आसपास आहे. म्हणून तेथे चंद्र सुमारे पंधरा मिनिटे आधी उगवतो. नागपूरकरांस तो जानेफळच्याही दहा मिनिटे आधी दिसतो. काही पंचांगांतून निरनिराळ्या शहरांची कोष्टके दिलेली असतात, परंतु लहान गावांची नावे त्यांत बहुधा नसतात.

यावरून कोणी म्हणेल, की मग कोष्टके टाकून द्यावी आणि ज्याने त्याने आपल्या डोळ्यांवर विश्वासावे. परंतु श्रावणातील संकष्टीस मेघ दाटून आले, की त्याच आत्याबाई नातवास हाक मारून वेळ विचारीत आणि न दिसणाऱ्या चंद्रास पूर्वेकडे तोंड करून अर्घ्य देत. डोळ्यांपुढे ढग असताना गणिताचाच आधार असतो. शिवाय डोळे नेहमी खरेच सांगतात असेही नाही. चंद्र क्षीण झाला, असे आपण कृष्ण पक्षात म्हणतो. वस्तुतः ग्रहणाचा प्रसंग सोडला, तर त्याचा अर्धा गोल सूर्यप्रकाशाने सदैव उजळलेला असतो. त्या उजळ भागापैकी किती आपल्याकडे वळला आहे, एवढेच काय ते बदलते. चंद्राचे तेज सूर्यापासून आलेले आहे, हे आर्यभटाने इ. स. 499 च्या सुमारास सांगितले आहे. अमावास्येस चंद्र नसतो, असे आपण सर्रास बोलतो. पण त्या दिवशी तो सूर्याबरोबर उगवून सूर्याबरोबर मावळतो, दिवसभर आपल्या डोक्यावरून जातो. केवळ उजळ बाजू पलीकडे असल्यामुळे आपल्या लेखी नाहीसा होतो.

तेव्हा डोळा आणि कोष्टक या दोहोंसही मर्यादा आहेत. दोष घडतो तो, कोष्टक कोणत्या ठिकाणचे आहे आणि आपण कोठे उभे आहो, याचे विस्मरण पडल्याने. आपण चंद्रोदयाची वाट पाहतो, तशी आपले मुसलमान शेजारी रमजानच्या अखेरीस पश्चिमेकडे, मावळत्या कोवळ्या कोरीची वाट पाहतात. सूर्यामागोमाग लौकरच मावळणारी ती कोर पश्चिमेकडील देशांत एक सायंकाळ आधी दिसू शकते. म्हणून एकाच सणाचा दिवस देशपरत्वे भिन्न पडतो, आणि यात कोणीही अप्रामाणिक नसतो.

येथे एक आक्षेप संभवतो. गावागणिक चंद्रोदय निराळा, तर माणसागणिक सत्य निराळे, असे का म्हणू नये? मला हा तर्क मान्य नाही. जानेफळ व मुंबई यांतील पंधरा मिनिटांचे अंतर कोणाच्या मर्जीवर अवलंबून नाही. ते मोजता येते, आणि मोजता येते म्हणूनच एका गावच्या वेळेवरून दुसऱ्या गावची वेळ काढता येते. चंद्र एकच नसता, तर हा हिशेब जुळलाच नसता. स्थानभेद मान्य करणे म्हणजे सत्य सोडणे नव्हे.

हा विचार अंगणापुरता राहिला असता, तर तो लिहिण्याचे कारण नव्हते. परंतु आपण माणसांचा न्यायही परक्या कोष्टकांनीच करतो. एका घरचे मूल दहाव्या महिन्यात चालले, म्हणून दुसऱ्या घरच्या मुलास मंद ठरवतो. एका विधवेने वर्षात डोळे पुसले, म्हणून दुसरीचे रडणे आपल्यास अती वाटते. याहून गंभीर उदाहरण विदर्भातील शेतकऱ्याचे आहे. पाऊस हुकला व पीक करपले, हे त्यास बांधावर उभ्या उभ्या कळते. पण सरकारी मोजमापाचा आकडा कागदावर उतरेपर्यंत त्याच्या गावी दुष्काळ उगवलेलाच नसतो. सरकारने प्रत्येकाच्या तोंडी शब्दावर चालावे, असे मी म्हणत नाही, मोजमाप हवेच. परंतु ज्याच्या हाती कोष्टक आहे त्याने, अंगणातला मनुष्य "वर आला आहे" असे म्हणत असता, त्यास थांबवण्यापूर्वी स्वतः बाहेर येऊन पाहिले पाहिजे. कारण या थांबण्यात उपास लांबतो तो त्याचा, कोष्टकवाल्याचा नव्हे.

येथे खेड्याचा चंद्र शहराच्या आधी उगवतो, हेही ध्यानी घेण्याजोगे आहे. ज्ञान शहरातून खेड्याकडे जाते व खेडे नेहमी मागे असते, असा आपला एक सुशिक्षित समज आहे. त्या रात्री मात्र पंधरा मिनिटे मागे होती ती नातवाच्या हातातील दिनदर्शिका.

नातू बुद्धिमान होता. पुढल्या सुटीस मी गेलो, तेव्हा भिंतीवरच्या दिनदर्शिकेत प्रत्येक संकष्टीच्या वेळेपुढे त्याने पेन्सिलीने "उणे पंधरा" असे लिहून ठेवलेले आढळले. आत्याबाई ते आकडे आवर्जून विचारीत. तथापि तबक हाती घेतल्यावर त्या आधी अंगणात जात, आकाशाकडे पाहत, आणि ढग असले तरच मागे वळून त्यास हाक मारीत.