आठवण कोणीं द्यावी ?

१८४७ च्या एप्रिलांत व्हिएन्नाच्या सार्वजनिक रुग्णालयांतील पहिल्या प्रसूतिविभागांत शेंकडा अठरा बाळंतिणी दगावल्या. शवविच्छेदन करून येणाऱ्या डॉक्टरांस सेमेल्वाइस यांनीं क्लोरिनयुक्त चुन्याच्या पाण्यानें हात धुवावयास लाविलें. जूनमध्यें तें प्रमाण शेंकडा दोनांवर आलें. तरीहि, आपलेच हात मृत्यु वाहतात हें मान्य करणें अनेकांस जड गेलें. पुढें सेमेल्वाइसांनीं उघड पत्रें लिहून प्राध्यापकांस खुनी ठरविलें. मनें त्यानें वळलीं नाहींत. आज कित्येक रुग्णालयांत सहकाऱ्यांपैकींच एखाद्या परिचारिकेकडे ही आठवण देण्याचें काम सोंपवितात. आम्हांस हें अधिक शहाणपणाचें वाटतें. परंतु तिनें ज्येष्ठ शल्यवैद्यास टोकलें, तर तो उपमर्द कीं उपकार ? गुंगींत निजलेल्या रोग्यास तर बोलतांहि येत नाहीं. तेव्हां तिनें बोलावेंच. मात्र तिची बढती त्याच शल्यवैद्याच्या शेऱ्यावर अवलंबून असेल, तर चालकांनीं आधीं उघडपणें तिच्या पाठीशीं उभें राहिलें पाहिजे.