निगा आणि राखण

नाशिकच्या तपोवनात सिंहस्थासाठी साधुग्राम उभारायचं म्हणून सुमारे 1,800 झाडं तोडण्याचा प्रस्ताव 2025च्या अखेरीस पुढे आला आणि लोक रस्त्यावर उतरले. त्यांना जे उत्तर मिळालं ते आता राज्यभर पाठ झालं आहे: तोडू त्याच्या कितीतरी पट लावू. मला या उत्तरापेक्षा त्यानंतरच्या चर्चेनं जास्त अस्वस्थ केलं. सगळा वाद आकड्यांवर येऊन ठेपला. किती तोडणार, किती लावणार, त्यातली किती जगणार. झाडाविषयी बोलायला आपल्याकडे बेरीज-वजाबाकीखेरीज भाषाच उरली नाही की काय?

मी हे धानोऱ्यात बसून लिहितो आहे; नंदुरबार जिल्ह्यातल्या. हे मुद्दाम सांगतो, कारण राज्याच्या पार दुसऱ्या टोकाला, गडचिरोलीतही एक धानोरा आहे आणि त्या तालुक्यातल्या मेंढा (लेखा) या गावाकडे मला पुढे यायचं आहे. तापीकाठचा उन्हाळा ज्यानं अंगावर घेतला आहे, त्याला सावली म्हणजे काय ते समजावून सांगावं लागत नाही. नंदुरबारला बाजाराच्या दिवशी निंबाखालची जागा आधी भरते. तो निंब गेला आणि त्याच्या बदल्यात गावाबाहेरच्या माळावर साठ रोपं लागली, तर भाजी विकणाऱ्या बाईनं टोपली उचलून माळावर जायचं का?

भरपाईच्या लागवडीचा सगळा डोलारा या एका प्रश्नापाशी कोसळतो, तरी तिचे समर्थक हटत नाहीत. म्हणून त्यांचं म्हणणं नीट पाहू. ते 2021च्या दुरुस्तीकडे बोट दाखवतात. नागरी क्षेत्रातल्या झाडांच्या संरक्षणाचा कायदा 1975चा. दुरुस्तीनं त्यात पन्नास वर्षं किंवा त्याहून जुन्या झाडाला ‘हेरिटेज ट्री’चा दर्जा आला, आणि झाडाचं वय जितकं तितकी रोपं लावायची अट आली. रोपं सहा ते आठ फुटांची हवीत, त्यांचं जिओटॅगिंग हवं, सात वर्षं ती जपायला हवीत. कागदावर हे पूर्वीपेक्षा पुष्कळ कडक आहे, हे मी मान्य करतो. पण साठ वर्षांच्या वडाबदली साठ रोपं, या हिशेबात वडाचं वय हे त्याचं मोल न राहता त्याची किंमत होते. किंमत ठरली की गिऱ्हाईक येतंच. जितकं झाड जुनं तितका तोडणारा दबकेल, असं कायदा करणाऱ्यांना वाटलं असेल. ज्याचा प्रकल्प शेकडो कोटींचा आहे तो साठ रोपांना कशाला दबकेल? आणि रोपं लावायला शहरात जागा असती, तर जुनं झाड तोडायची वेळ तरी का आली असती? मग ती जातात हद्दीवर, डोंगरउतारावर, पडीक गायरानावर. गणतीत झाडं वाढतात आणि भर वस्तीतला रस्ता मात्र उघडा पडतो. समर्थकांचं शेवटचं उत्तर असतं की अंमलबजावणी चांगली करू. नाशिकपुरतं बोलायचं, तर अगदी शंभर टक्के रोपं जगली तरी तपोवनाची सावली तपोवनाला परत मिळत नाही. हा दोष अंमलबजावणीचा नाही, कल्पनेतलाच आहे.

भरपाईऐवजी सुचवली जाणारी मियावाकी पद्धतीची दाट वनं दोन गुंठ्यांच्या बागेला ठीक, रस्त्याला निरुपयोगी.

राहिला लोकसहभाग. सयाजी शिंदे यांच्या ‘सह्याद्री देवराई’नं किंवा नाशिकच्या ‘आपलं पर्यावरण’नं जे उभं केलं, त्यापुढे मी मान लववतो. माझी तक्रार त्यांच्याशी नाही. ‘लोकसहभाग’ या शब्दात शासन जेवढं काम बसवतं, त्याच्याशी आहे. लोकांनी खड्डे खणायचे, आळी करायची, टँकर मागवायचे, जाळ्या बसवायच्या. खोडाला काँक्रीटचा फास बसला तर तो फोडून द्यायला अर्ज करायचे. (खोडाभोवती एक मीटर जागा मोकळी ठेवा, असं दिल्लीपुरतं राष्ट्रीय हरित लवादाला 2013मध्ये आदेश देऊन सांगावं लागलं होतं.) मात्र तेच झाड तोडायचं की नाही, हे ठरवताना लोकांच्या वाट्याला येते ती खोडावर डकवलेली नोटीस आणि हरकतीसाठी सात दिवस.

इथे मला दोन जुने शब्द वेगळे करायचे आहेत. निगा आणि राखण. पाणी घालणं, काठीचा आधार देणं, वाळवी झाडणं ही निगा. ती कुणीही करू शकतो, नोकरसुद्धा. शेताची राखण करणाऱ्याला मात्र ‘आत येऊ नको’ म्हणायचा अधिकार असतो. तो काढून घेतला तर माळ्यावर बसलेला माणूस राखणदार उरत नाही, नुसता बघ्या होतो.

साक्रीच्या बारीपाड्याचं उदाहरण आमच्याकडे सगळे देतात. तिथल्या कामाचे म्होरके चैत्राम पवार यांना 2025मध्ये पद्मश्री मिळाल्यावर तर फारच. पण तिथे काय घडलं हे सांगताना भाषणं ‘वृक्षारोपणा’कडे घसरतात. ते जंगल मुख्यतः राखून उभं राहिलं. कुऱ्हाड बंद, चराई बंद, तोडणाऱ्याला दंड, आणि हे सगळं गावानं ठरवलेलं. जुन्या बुंध्यांना फुटवे आले, चारेकशे हेक्टर पुन्हा हिरवे झाले. मेंढा (लेखा) गावानं तर 2009मध्ये वनहक्क कायद्याखाली सुमारे 1,800 हेक्टरांवरचा सामूहिक हक्क कागदावरही मिळवला, आणि तिथला निर्णय होतो सर्वसहमतीनं. आमच्या जिल्ह्यातल्याही अनेक गावांना असे हक्क मिळाले आहेत.

म्हणजे सातपुड्यातल्या ग्रामसभेला सागासाठी ‘नाही’ म्हणता येतं आणि पदवीधरांनी भरलेल्या शहरातल्या गल्लीला आपल्या चिंचेसाठी म्हणता येत नाही.

रामचंद्रपंत अमात्यांच्या आज्ञापत्रातला झाडांचा उतारा दर पर्यावरण दिनी फलकांवर येतो. तो आरमाराच्या प्रकरणात आहे, आणि त्याचा गाभा झाडावरच्या प्रेमाइतकाच संमतीचा आहे. आंबा-फणस रयतेनं वाढवलेले. अगदी जीर्ण झालेलं झाड हवं असेल तर धन्याला राजी करून, पैसे देऊन न्या, बळजोरी करू नका. जहाजांची निकड असलेलं राज्य हे लिहून ठेवतं. फलकावर मात्र संमती गाळून प्रेम तेवढं छापलं जातं.

लोक चुकतील, हे मला ठाऊक आहे. पाटी झाकते म्हणून दुकानदार फांद्या छाटायला सांगेल, पाल्यानं गटार तुंबतं म्हणून कुणी निंबाच्या मुळावर उठेल. धोकादायक झाड काढावंही लागेल, आणि ते तज्ज्ञानंच सांगावं. पण ज्याला निर्णयाचा अधिकारच कधी मिळाला नाही, त्याच्या बेजबाबदारपणाचा दाखला देऊन तो अधिकार नाकारणं हा न्याय नव्हे. मेंढ्याची माणसंही ग्रामसभेत बसून, वाद घालूनच शिकली.

असा अधिकार शहरातल्या लोकांना द्यायचा, तर अडचण कायद्याची आहे. राज्यघटना प्रभाग समित्यांची सक्ती करते ती तीन लाखांवरच्या शहरांना. नंदुरबारची लोकसंख्या 2011च्या जनगणनेत एक लाख अकरा हजार. आम्ही त्याबाहेरच. मतदारांच्या क्षेत्र सभेची तरतूद राज्याच्या कायद्यात 2009मध्ये आली. आपल्या भागाची क्षेत्र सभा भरल्याचं कधी ऐकलं आहे तुम्ही? मी नाही.

ती भरेपर्यंत हातात आहेत ते सात दिवस. तुमच्या रस्त्यावरच्या झाडाला नोटीस लागलेली दिसली, तर बदल्यात किती रोपं लावणार हे विचारू नका. ‘या झाडाखाली बसणाऱ्यांची सभा घेतल्याशिवाय परवानगी देऊ नये’ एवढं एक वाक्य लिहा, त्याखाली भाजीवालीपासून रिक्षावाल्यापर्यंत सगळ्यांच्या सह्या घ्या, आणि आठवा दिवस उजाडायच्या आत ते नगरपालिकेत देऊन पोच घ्या.