बंद कोण करणार?

आमचा जुना टाटा ट्रक केशकालच्या घाटात दम सोडू लागला. रायपूरला परतल्यावर टाटीबंधच्या मिस्त्रीने निदान केलं : फीड पंप थकलाय. टाकीतलं डिझेल ओढून इंजेक्शन पंपाकडे पोचवायचं, एवढंच त्याचं काम. मी म्हटलं, "विजेवर चालणारा बसवा, जोरकस." त्याने विचारलं, "भैया, बंद कौन करेगा?"

जुना पंप इंजिनाच्याच कॅमवर चालतो. इंजिन थांबलं की तोही थांबतो. विजेवरचा मात्र चावी चालू असेपर्यंत डिझेल ढकलत राहतो. ट्रक उलटला, नळी फुटली, तरी. म्हणून ऑइलचा दाब जाताच त्याची वीज तोडणारा स्विच लावायचा. स्विचवाचूनही ट्रक घाट चढला असता. पैसे माझे वाचले असते. केबिनमध्ये बसणार होता ड्रायव्हर.

सुधारणा म्हणजे ताकद वाढवणं, असं मी धरून चाललो होतो. जुन्या पंपाचं थांबणं त्याच्या घडणीतच होतं, मालकाच्या भलेपणावर सोडलेलं नव्हतं. मी पंप बदलला, तेव्हा ती जबाबदारी माझ्याकडे आली. ती नाकारून मिळवलेला जोर दुसऱ्याच्या जिवावरचा ठरला असता.

स्विच बसला. चावी चालूच ठेवून ड्रायव्हरने स्टॉप केबल ओढली. इंजिन थांबलं. आम्ही तिघांनी कान दिला. पंपाची घरघरही थांबली. ड्रायव्हर हसला. त्याचं मत मात्र मी तोवर एकदाही विचारलं नव्हतं.