काय खाल्लं होतं?

मे महिन्यातली दुपार. अकोल्याहून निघालेली अमरावतीची एसटी बोरगाव मंजूच्या पुढे गेली असेल नसेल, तोच माझ्या खांद्यावर, पिशवीचा पट्टा रुतला होता तिथं, चुरचुरायला लागलं. मूर्तिजापूर येईस्तोवर मनगटापासून मानेपर्यंत गांधी उठल्या. पदराआड हात नेऊन मी खाजवत होते. शेजारच्या काकूंनी आधी माझ्या हाताकडे पाहिलं, मग त्या चार बोटं सरकून बसल्या, आणि मग विचारलं, "काय खाल्लं होतं वं बाई?"

त्यांच्या सरकण्याचं मला वाईट वाटलं नाही असं नाही. ज्या अमरावतीत दाजीसाहेब पटवर्धनांनी १९४६ साली कुष्ठरुग्णांसाठी तपोवन उभं केलं, त्या गावाकडे निघालेल्या गाडीत अजूनही कातडीवर काही दिसलं की माणूस अंग चोरतो. खरं तर अंगावरचं पित्त कुणाचं कुणाला लागत नाही. पण मला जास्त लागला तो त्यांचा प्रश्न. चार वर्षं मी तो रोज ऐकत होते. सासूबाई विचारायच्या, शाळेतल्या बाई विचारायच्या, औषधाच्या दुकानातला मुलगा विचारायचा. रात्री दोन वाजता पलंगाच्या कडेवर बसून पोटऱ्या खाजवताना मीही स्वतःला हेच विचारायची.

प्रश्न आला की उत्तर शोधणं आलं. आधी वांगं सुटलं. वऱ्हाडात वांगं सोडणं म्हणजे काय, ते रोडग्याच्या पंगतीत बसून वांग्याच्या भाजीला नाही म्हणणाऱ्यालाच कळेल. मग शेंगदाण्याची चटणी गेली, दही गेलं, लोणचं गेलं, तुरीच्या वरणाच्या जागी मुगाचं आलं. ताट रिकामं होत गेलं आणि गांधी मात्र संध्याकाळी ठरल्या वेळी, देवापुढे दिवा लावताना, हजर. ज्या दिवशी उपास, त्या दिवशीही. तरी घरातल्यांचा तपास चालूच. "काही तरी खाल्लंच असशील." आजारी मी, आणि आरोपीही मीच.

आपल्या भाषेनं या खटल्याचा निकाल आधीच देऊन ठेवला आहे. छातीत जळजळलं की आपण म्हणतो पित्त झालं, आणि अंगावर चट्टे उठले की म्हणतो पित्त उठलं. शब्द एक, म्हणून दुखण्याचं मूळही एकच असणार, असं आपण धरून चालतो आणि आम्लपित्ताची गोळी घेऊन खाज थांबायची वाट पाहतो. जुन्या वैद्यांना हा फरक ठाऊक होता. माधवनिदानात आम्लपित्त वेगळं सांगितलं आहे आणि शीतपित्त वेगळं. या गांधींना तिथं गांधीलमाशीच्या दंशाची उपमा आहे आणि कारणांमध्ये गार वाऱ्याचा स्पर्शही आहे. आम्ही नाव उचललं, फरक विसरलो.

आणि ही चूक फक्त आपलीच नाही, हे वाचलं तेव्हा मला थोडं हसू आलं. १८७८ साली पॉल एर्लिख नावाच्या २४ वर्षांच्या जर्मन तरुणानं शरीराचे नमुने रंगांत बुडवून सूक्ष्मदर्शकाखाली पाहिले. काही पेशी त्याला दाण्यांनी गच्च भरलेल्या दिसल्या. त्याला वाटलं, या खाऊन-पिऊन तट्ट झालेल्या असणार. म्हणून त्यानं त्यांना नाव दिलं मास्ट पेशी. धष्टपुष्ट करण्यासाठी खाऊ घालणं, असा त्या जर्मन शब्दाचा अर्थ. म्हणजे त्यानंही त्या पेशींना पाहून मनात तेच विचारलं होतं, काय खाल्लं होतं?

पुढे कळलं की ते दाणे खाल्लेले नव्हतेच. ते त्या पेशींनी स्वतः तयार करून साठवलेले होते. त्यात हिस्टामिन नावाचं द्रव्य असतं. पेशी फुटल्यासारखी मोकळी झाली की ते बाहेर येतं, जवळच्या बारीक रक्तवाहिन्या पाझरतात, कातडी फुगते, भोवती लाली धरते, आणि मज्जातंतूंना जो निरोप जातो त्याला आपण खाज म्हणतो. एक गांध बहुधा दिवसभरात मावळते, मागे डागही ठेवत नाही. पण ती विरेपर्यंत दुसरी दुसरीकडे उठलेली असते.

एखाद्याला कोळंबी खाल्ल्यावर, अंडं खाल्ल्यावर तासा-दोन तासांत गांधी उठल्या, तर खाण्याचा प्रश्न अगदी रास्त आहे. पण सहा आठवडे उलटून गेले, रोज किंवा दिवसाआड हेच चालू आहे, तर ते जुनाट दुखणं झालं, आणि त्यात अन्नाचा दोष क्वचितच निघतो. पुष्कळांच्या बाबतीत शरीरातलेच पहारेकरी चुकून घरच्यांवर काठी उगारतात. काहींना सोबत थायरॉइडची तक्रार असते. घाम, घट्ट नाडा, पिशवीचा पट्टा, मनावरचा ताण, अंगदुखीवर घेतलेली एखादी वेदनाशामक गोळी, यांनी ते वाढतं. पण वाढवणारा वेगळा आणि मूळ कारण वेगळं. मूळ कारण कित्येकदा हाती लागतच नाही.

त्या दिवशी अमरावतीला डॉक्टरांसमोर बसले तेव्हा माझे हात कोरे होते. बडनेऱ्यापर्यंत सगळं मावळून गेलं होतं. नेहमीसारखी ओशाळले, जणू खोटं बोलायला आले होते. डॉक्टर म्हणाल्या, "ताई, पुढच्या वेळी उठल्याबरोबर मोबाइलवर फोटो काढून ठेवा. आणि एक करू, चोर शोधणं थांबवू."

मला ते पटलं नाही. कारण न शोधता उपाय कसा होईल? त्यांनी समजावलं, कारण सापडलं नाही तरी हिस्टामिनची वाट अडवता येते. मी आजवर गोळी घेत होते ती गांधी उठल्यावर, तहान लागल्यावर विहीर खणावी तशी. ती रोज, ठरल्या वेळी, अंग स्वच्छ असलं तरी घ्यायची. नव्या पिढीच्या या गोळ्यांनी पूर्वीसारखी गुंगी येत नाही. पुरत नसेल तर मात्रा डॉक्टर वाढवतात, चौपटीपर्यंतही, पण ते त्यांनीच ठरवायचं. त्यानंही भागलं नाही तर चार आठवड्यांनी एकदा घ्यायचं ओमालिझुमॅबचं इंजेक्शन आहे, मात्र ते महाग. आणि जी सुई टोचली की दोन दिवस स्वर्ग आणि तिसऱ्या दिवशी दुप्पट खाज, त्या स्टेरॉइडच्या नादी वारंवार लागायचं नाही. ओठ, जीभ सुजली, श्वास अडकायला लागला, तर मात्र फोटोबिटो सोडून थेट दवाखाना.

आजीचे उपाय मी टाकून दिले नाहीत, तपासून घेतले. भिजवलेल्या आमसुलाचं पाणी अंगाला लावलं की गार वाटतं, आणि गारव्यानं खाज दबते. ओल्या पंचानंही तेवढंच दबते. अकोल्याच्या उन्हाळ्यात कूलरसमोरची अर्धी रात्र मला औषधासारखी वाटते. ज्यांना गारव्यानंच गांधी उठतात त्यांनी मात्र हे करू नये. घोंगडीनं अंग घासणं मी बंद केलं, कारण माझी कातडी घासलं की उठते. सैल सुती कपडे, आंघोळीला कोमट पाणी, कापलेली नखं. मोठं काही नाही.

सगळ्यात कामाला आली ती भिंतीवरची दिनदर्शिका. पूर्वी तिच्यात दुधाच्या हिशेबाशेजारी मी खाल्लेलं लिहायची. आता रोज दोन आकडे लिहिते, गांधी किती आणि खाज किती, दोन्हींना शून्य ते तीन. सात दिवसांची बेरीज जास्तीत जास्त बेचाळीस होते. पहिल्या आठवड्यात माझी छत्तीस होती, दोन महिन्यांनी अकरा. कारण अजून कळलेलं नाही. वांगं परत ताटात आलं आहे. डॉक्टर सांगतात, हे दुखणं पुष्कळांच्या अंगातून काही वर्षांनी आपोआप निघून जातं. कधी, ते विचारायचं मी सोडलं आहे.

दुखणं आलं की आपण त्याचा दोष शोधतो, आणि तो बहुतेक दुखणाऱ्याच्याच ताटात सापडतो. त्यात वाईट हेतू नसतो. कारण सापडलं की आपण स्वतः सुरक्षित असतो: तिनं ते खाल्लं म्हणून तिला झालं, मी खात नाही. काकू चार बोटं सरकल्या होत्या त्याही बहुतेक यासाठीच. त्यांचा प्रश्नही सरकण्याचाच एक प्रकार होता.

परवा पुन्हा त्याच गाडीत होते. कुरुमजवळ समोरच्या सीटवरची कॉलेजातली पोरगी ओढणीखालून हात खाजवत होती. माझ्या ओठांवर तोच जुना प्रश्न आला. सवय ती. मी तो गिळला आणि विचारलं, "किती दिवसांपासून आहे?"

"दिवाळीपासून."

"रातच्याले झोप लागते का?"

ती माझ्याकडे पाहतच राहिली. "नाही लागत मावशी. पण हे मले कोणी इचारलंच नव्हतं."

मी सरकून तिला जागा करून दिली, शेजारी बसवलं, आणि आधी मोबाइल काढायला लावला. बडनेरा येईपर्यंत तिच्या हातावर काही उरेल, याचा भरवसा नव्हता.