फाळके लंडनला का गेले?

धुंडिराज गोविंद फाळके यांचे नाव आजकाल करिअरविषयक व्याख्यानांत हमखास येते. जम बसलेला धंदा सोडा, परदेश पाहा, आतली हाक ऐका, असा उपदेश करणाऱ्या वक्त्याला त्यांची १९१२ची लंडनवारी आयतीच सापडते. चाळिशी ओलांडलेला, बायकामुलांचा माणूस विम्याच्या पॉलिसी गहाण टाकून बोटीत बसतो आणि पुढच्याच वर्षी ‘राजा हरिश्चंद्र’ पडद्यावर आणतो. कथा म्हणून यात काही उणे नाही. उणे आहे ते कार्यकारणभावात.

मुळात फाळक्यांच्या धंद्याचा जम फार काळ बसलेलाच नव्हता. १८८५ मध्ये ते मुंबईच्या जे. जे. कलाशाळेत दाखल झाले, मग बडोद्याच्या कलाभवनात छायाचित्रण शिकले. गोध्र्याचा स्टुडिओ प्लेगच्या काळात बुडाला. पुरातत्त्व खात्यातली नोकरी सोडून त्यांनी ब्लॉक आणि छपाईचा व्यवसाय उभारला. मधल्या काळात जादूचे प्रयोगही केले. भिंगे, रसायने, अंधारखोली, नजरबंदी ही सामग्री पाहता त्यांनी क्षेत्र बदलले असे म्हणणेच धाडसाचे आहे. निम्मा सिनेमा त्यांच्या हाताला आधीच येत होता.

परदेशाचे म्हणाल, तर तोही नवा नव्हता. रंगीत छपाईच्या यंत्रासाठी १९०९ मध्ये ते जर्मनीला जाऊन आले होते. त्या प्रवासाने आयुष्याची दिशा बदलली नाही. परत येऊन ते पुन्हा छापखान्यातच उभे राहिले. छापखाना सुटला तो भागीदारांशी बिनसल्यामुळे. ठिणगी पडली तीही थेम्सकाठी नव्हे, गिरगावात. तिथे ख्रिस्तचरित्राचा चित्रपट पाहताना डोळ्यांपुढे राम-कृष्ण येऊ लागले, असे त्यांनीच १९१७ मध्ये ‘नवयुग’ मासिकातल्या लेखांत लिहून ठेवले आहे. म्हणजे प्रवासाने ध्यास दिला नाही; ध्यासाने प्रवास घडवला.

इथवर व्याख्यात्यांचा पराभव पुरा झाला असे वाटते. पण मग लंडनला जायचेच कशाला? हा प्रश्न झटकता येत नाही. कॅमेरा घरबसल्या मागवता येत होता. हरिश्चंद्र सखाराम भाटवडेकर, म्हणजे सावेदादा, यांनी तो इंग्लंडहून मागवला आणि १८९९ मध्ये मुंबईच्या हँगिंग गार्डनजवळची कुस्ती चित्रित केली. तेही छायाचित्रणाच्या धंद्यातलेच. रामचंद्र गोपाळ तोरणे यांचा ‘पुंडलिक’ तर ‘हरिश्चंद्र’च्या वर्षभर आधी, मे १९१२ मध्ये, मुंबईच्या कॉरोनेशन थिएटरात लागला, मात्र तो होता नाटकाच्या प्रयोगाचे चित्रण, कॅमेरा चालवला एका इंग्रजाने आणि फिल्म धुवायला गेली लंडनला. पहिला भारतीय चित्रपट कोणता हा वाद ज्यांना घालायचा त्यांनी खुशाल घालावा. इथे कामाचा आहे तो ‘पुंडलिक’मधला परावलंबीपणा.

फाळके नेमका तोच मोडायला गेले. लंडनमध्ये ते ‘बायोस्कोप’ या साप्ताहिकाच्या कचेरीत थडकले. संपादक कॅबर्न यांनी आधी परावृत्त करायचा प्रयत्न केला, मग चित्रपटनिर्माते सेसिल हेपवर्थ यांच्याकडे नेले. हेपवर्थ यांच्या वॉल्टनमधल्या स्टुडिओत फाळक्यांना सगळी साखळी एका जागी दिसली: चित्रण, धुलाई, छपाई, जोडणी. कॅटलॉग वाचून यंत्र कळते. एका कामाची चूक पुढच्या कामात कशी उमटते, हे कारखान्यात उभे राहिल्याशिवाय कळत नाही. अर्थात छापखाना चालवलेल्या डोळ्यांनाच ते इतक्या झटपट कळले. त्यांनी विल्यमसन कंपनीचा कॅमेरा घेतला, फिल्मला छिद्रे पाडायचे यंत्र घेतले आणि काही आठवड्यांत मुंबई गाठली. आत्मशोधाला एवढी थोडी सवड पुरत नसावी. तेव्हा प्रवासाचे श्रेय नाकारता येत नाही, पण ते प्रेरणेचे नव्हे, शिकाऊ उमेदवारीचे आहे.

व्याख्यानांत न येणारी बाजू घरातली आहे. कच्ची फिल्म छिद्रांविना येई; ती अंधारात, हाताने चालणाऱ्या यंत्राखाली धरून दोन्ही कडांना छिद्रे पाडावी लागत. हे काम सरस्वतीबाई फाळके करत. फिल्म धुण्यात त्यांचा हात होता, भांडवलासाठी दागिने त्यांचे गेले आणि कंपनीच्या माणसांचा स्वयंपाकही त्यांच्याकडेच होता. त्यांना ध्यास होता की नाही, हे कुणी विचारल्याची नोंद नाही. एका माणसाच्या व्यवसायबदलात दुसऱ्याचे पूर्णवेळ श्रम असे बिनबोभाट मिसळलेले असतात.

१९१४ मध्ये फाळके पुन्हा लंडनला गेले, या वेळी स्वतःचे चित्रपट घेऊन. तिथेच राहून चित्रपट काढण्याचे देकार आले. त्यांनी ते नाकारले. महायुद्ध सुरू झाले आणि मुंबईतल्या भांडवलदारांनी हात आखडता घेतला. पुढे नाशिकला हिंदुस्तान फिल्म्स कंपनी उभी राहिली, भागीदारांशी पुन्हा बिनसले आणि छापखाना सोडणाऱ्या याच माणसाने सिनेमाही सोडून काशी गाठली. तिथे त्यांनी ‘रंगभूमी’ हे नाटक लिहिले. नाटक चालले नाही. ते कंपनीत परतले आणि पुढची काही वर्षे पगारावर चित्रपट काढत राहिले.