द्वादशीचा मुक्काम

दिवाळीपासून आम्हा पाच मित्रांच्या मसलतीत एकच प्रकरण घोळत पडले आहे. ठाण्याहून निघून कसारा घाट चढावा, इगतपुरीच्या बाजूच्या एकदोन वाइनरी पाहाव्यात, रात्री नाशकात मुक्काम करावा, दुसऱ्या दिवशी गंगापूर धरणाच्या काठाने हिंडून दिंडोरीपर्यंत जावे आणि तिसऱ्या दिवशी सुखरूप घरी परतावे, एवढाच काय तो बेत; परंतु साठी ओलांडलेल्या पाच माणसांचा बेत म्हणजे एखाद्या संस्थानाच्या विलीनीकरणाहून कमी खटपटीचा नसतो, हे ज्यांनी असा बेत कधी केला असेल त्यांना सांगावयास नको. गाड्या किती, खोल्या किती, पथ्ये कोणाची कोणती, आणि परतीच्या वाटेवर गाडी चालविण्याची जोखीम कोणाच्या शिरावर, या सगळ्या कलमांची यादी आमच्या वकीलमित्राने एका जुन्या फुलस्केप कागदावर केली आणि तारखेच्या रकान्यापाशी येऊन तो अडला. द्राक्षाची काढणी पाहावयाची तर जानेवारी ते मार्च हाच हंगाम. त्यातही थंडी असेतो जावे म्हणून जानेवारीचा शेवटचा आठवडा सर्वानुमते मंजूर झाला होता. वकिलाने सवयीने भिंतीवरचे पंचांग पाहिले आणि म्हणाला, "त्या दिवशी पौष वद्य एकादशी आहे."

नाशिक जिल्ह्यात या तिथीचा अर्थ एकच. त्र्यंबकेश्वरी निवृत्तिनाथांची यात्रा. गावोगावच्या दिंड्या थंडीत कुडकुडत, टाळमृदंगाच्या गजरात त्र्यंबकाच्या वाटेला लागलेल्या असतात. आणि त्याच रस्त्यांवरून, त्याच दिवसांत, मुंबईपुण्याच्या मोटारी द्राक्षमद्य चाखण्यासाठी नाशिककडे धावत असतात. हा योगायोग कोणी योजून आणलेला नाही. ऑक्टोबरात गोडी छाटणी झालेल्या वेलीवर साधारण याच सुमारास साखर भरते, आणि पौषातली एकादशी आपल्या गतीने येते. दोन निराळी पंचांगे एकाच रस्त्यावर उतरतात, इतकेच.

आमच्या पाचांतला एक जण निफाडकडचा बागाईतदार, आणि तो माळकरी आहे. गळ्यात तुळशीची माळ, दर साल या यात्रेला पायी जाण्याचा नेम, आणि वीस एकर द्राक्षबाग. तो आमच्या सहलीत मद्य घेणार नाही हे सर्वांस ठाऊक होते. तरीही तो बरोबर असावा असा सगळ्यांचा आग्रह होता, आणि खुद्द त्याचाही होता. पण एकादशीची गोष्ट निघाली तेव्हा खोलीत जी शांतता पसरली, तिच्यातून एक जुनाच प्रश्न नव्याने माझ्यापुढे उभा राहिला. यात्रा आणि विलास यांच्यामधली हद्द नेमकी कोठून जाते? प्याल्यातल्या पदार्थाजवळून, की पिणाऱ्याच्या मनातून?

शास्त्रांचा कौल घ्यावा तर शास्त्रे एका सुरात बोलत नाहीत. सुरापानाची गणना मनूने पंचमहापातकांत केली, आणि त्याच्या प्रायश्चित्तासाठी उकळती सुरा पिऊन देह टाकण्याची शिक्षा सांगितली. आणि त्याच मनूने पाचव्या अध्यायात मांस, मद्य आणि मैथुन यांत दोष नाही, ती प्राणिमात्राची प्रवृत्तीच होय, मात्र त्यांपासूनची निवृत्ती महाफलदायी आहे, असेही सांगून ठेवले. टीकाकारांनी या दोन वचनांचा मेळ घालण्यासाठी पुष्कळ बुद्धी खर्चली. चरक तर वैद्य. त्याने मदात्ययाच्या अध्यायात मद्याने होणाऱ्या विकारांचे वर्णन करतानाच, विधीने, मात्रेने, योग्य काळी आणि योग्य अन्नाबरोबर घेतलेले मद्य अमृतासमान असते, असेही बजावले. आमच्या घरी देव्हाऱ्याच्या वरच्या फळीवर गंगाजलाच्या तांब्याशेजारी द्राक्षासवाची बाटली असे, आणि सोवळ्यातली आजी रोज रात्री जेवणानंतर दोन चमचे समभाग पाण्यातून घेत असे. तिला कोणी मद्यपी म्हणाले असते तर त्या माणसाचे काय झाले असते, याची कल्पना करवत नाही. पण द्राक्षे आंबवूनच ते आसव होते, हे तिला ठाऊक नव्हते असेही नाही.

सरकारही या बाबतीत आजीच्याच पंथाचे दिसते. १९४९ च्या दारूबंदी कायद्याखाली या राज्यात मद्य पिण्यासाठी परवाना लागतो, आणि तो परवाना प्रकृती सुस्थितीत राखण्याच्या कारणासाठी दिला जातो. म्हणजे दस्तऐवजाच्या भाषेत, सायंकाळी प्याला उचलणारा प्रत्येक परवानाधारक मराठी इसम हा औषध घेत असतो! आमच्या वकिलाने पाचांपैकी चौघांच्या परवान्यांची तजवीज आपल्याकडे घेतली आणि अर्ज भरताना गंभीर चेहऱ्याने प्रत्येकाच्या प्रकृतीची चौकशी केली. याच राज्याने २००१ साली द्राक्षप्रक्रिया उद्योगाला उत्तेजन देण्याचे धोरण आखले, आणि २०२२ च्या जानेवारीत मोठ्या किराणा दुकानांतून वाइन विकू देण्याचा निर्णय घेऊन स्वतःवर वादळ ओढवून घेतले. शेतकऱ्याचा माल म्हणून तिला जवळ घ्यावे, आणि मद्य म्हणून दूर ठेवावे. एकाच बाटलीकडे पाहण्याच्या या दोन दृष्टी मनूपासून मंत्रालयापर्यंत अखंड चालत आल्या आहेत.

द्राक्षमद्य ही पाश्चात्त्यांची देणगी, असे म्हणण्याची आपल्याकडे वहिवाट आहे, तीही तपासून पाहण्याजोगी आहे. कौटिल्याने सुराध्यक्ष नावाचा स्वतंत्र अधिकारी नेमून त्याचे जे प्रकरण लिहिले, त्यात मृद्वीकेच्या, म्हणजे द्राक्षाच्या रसाला 'मधु' म्हटले आहे आणि कापिशायन व हारहूरक ही त्याची नावे त्याच्या देशावरून पडली असे नमूद केले आहे. कापिशी हे काबूलच्या उत्तरेकडचे नगर. त्या नावावरून शब्द साधण्यासाठी पाणिनीने एक सूत्र खर्ची घातले आहे. मद्याला त्याच्या मातीचे नाव द्यावे ही कल्पना अशी जुनी आहे, आणि आज 'नाशिक व्हॅली वाइन' या नावाची भौगोलिक निर्देशनाखाली जी नोंद झाली आहे, तिची पणजी कौटिल्याच्या ग्रंथात बसलेली आहे. इगतपुरीजवळच्या कावनईला तर कपिलधारा नावाचे तीर्थ आहे. सांख्यकार कपिलमुनींची ती तपोभूमी अशी लोकश्रद्धा आहे, आणि त्याच गावच्या शिवारात आज एक वाइनरी उभी आहे. प्रकृती नाचते आणि पुरुष नुसता पाहतो, हे सांगणाऱ्या मुनीच्या अंगणात हा देखावा मांडला जावा, याची मला गंमत वाटते. आमच्या यादीत कावनईपुढे वकिलाने 'तीर्थ अर्धा तास, वाइनरी दोन तास' असे लिहिले होते. मी ते खोडून दोन्हींपुढे सारखा वेळ लिहिला. प्रामाणिकपणे सांगायचे तर त्यामागे भक्तीपेक्षा चांगले दिसण्याचीच इच्छा अधिक होती.

परंतु मित्रांनी मिळून, तीर्थाच्या वाटेवर, मद्याचा साठा बरोबर घेऊन केलेल्या सहलीचा आपल्याकडचा सर्वांत ठळक दाखला कोणता, असे कोणी विचारले तर महाभारताच्या मौसलपर्वाकडे बोट दाखवावे लागेल. यादव प्रभासाला तीर्थयात्रेसाठीच निघाले होते. भक्ष्य, भोज्य, पेय यांची तरतूद यथास्थित होती; आणि जी गोष्ट सहसा विसरली जाते ती अशी, की त्याआधीच द्वारकेत कडक दारूबंदी पुकारलेली होती. मुसळ जन्माला आले, त्याचे चूर्ण समुद्रात टाकले गेले, आणि कोणीही सुरा गाळू नये, गाळील त्याला बांधवांसकट सुळावर चढविले जाईल, अशी दवंडी आहुक, कृष्ण, बलराम आणि बभ्रू यांच्या नावाने फिरली. पुढे प्रभासाच्या वाळूवर कृष्णाच्या समक्ष जे प्यायला बसले त्यांत कृतवर्मा, सात्यकी आणि गद यांच्या जोडीला स्वतः बलराम होता आणि बभ्रूही होता. हुकूम काढणारेच प्याले भरीत होते! मग सात्यकीने कृतवर्म्याला टोमणा मारला, की झोपलेल्यांना मारणारा तू कसला क्षत्रिय. कृतवर्म्याने भूरिश्रव्याच्या वधाचा उच्चार केला. छत्तीस वर्षांपूर्वीचे युद्ध वाळूवर पुन्हा सुरू झाले आणि लव्हाळ्याच्या प्रत्येक पात्याचे मुसळ झाले.

या कथेवर दारूच्या दुष्परिणामांची कीर्तने पुष्कळ झाली असतील. मला मात्र दर वेळी असे वाटते, की मद्याने तेथे काही नवीन निर्माण केले नाही. जे मनात होते त्यावरचे झाकण तेवढे काढले. सुळाची शिक्षा सुरेला होती, स्मरणाला नव्हती. ही गोष्ट मला केवळ तत्त्वचर्चेसाठी आठवली नाही. आमच्यातल्या दोघांचे एका गृहनिर्माण संस्थेच्या हिशेबावरून जे वितुष्ट आले ते आज सात वर्षे झाली तरी मिटलेले नाही, आणि ते दोघेही या सहलीला येणार आहेत. म्हणून यादीच्या शिरोभागी, परवान्यांच्याही आधी, सोसायटीचा विषय तिन्ही दिवस बंद राहील असे कलम मी वकिलाकडून घालून घेतले. बंदी घालावयाचीच तर ती अशा ठिकाणी घालावी.

आता चाखण्याविषयी. गेल्या वर्षी फेब्रुवारीत बागाईतदार मित्राबरोबर गंगापूर धरणाच्या बाजूच्या एका वाइनरीत मी हा प्रकार प्रथम नीट पाहिला. लांबट लाकडी टेबल, त्यावर प्रत्येकापुढे पाच प्याले, आणि प्रत्येकात जेमतेम दोन घोट. सांगणारा तरुण प्याला तिरका धरून रंग पाहावयास सांगे, मग तो घोळवून वास घ्यावयास सांगे, मग घोट जिभेवर खेळवावयास सांगे. शेनिन ब्लांमध्ये पेरूचा वास येतो म्हणे, आणि खरोखर, एकदा त्याने सांगितल्यावर मला पेरूखेरीज दुसरे काही येईना. टेबलाच्या टोकाला एक काळे भांडे होते. ही पिकदाणी, चव कळली की घोट तीत टाकावयाचा, कारण गिळत गेले तर पाचव्या प्याल्याची पारख करणारी जीभ शिल्लक राहत नाही. आमच्या टेबलावरच्या चौदा जणांपैकी एकानेही तिचा उपयोग केला नाही, मीही नाही. तिचा उपयोग केला तो फक्त आतून येऊन एका पिंपातला नमुना चाखून गेलेल्या, गमबूट घातलेल्या गृहस्थाने, ज्याचा तो रोजचा धंदा होता. त्याने घोट घेतला, डोळे मिटले, गाल दोनदा हलविले, थुंकला, वहीत काही टिपले आणि गेला.

त्या थुंकण्याने मला गीतेचा दुसरा अध्याय आठवला, याचा कोणी उपहास केला तरी माझा इलाज नाही. निराहार राहणाऱ्यापासून विषय दूर होतात, पण त्यांतली गोडी, तो रस, मागे राहतो. तोही जातो तो परतत्त्वाच्या दर्शनानेच, असे तेथे सांगितले आहे. तो गमबूटवाला म्हणजे त्या श्लोकाच्या पूर्वार्धाची मूर्तीच! विषय त्याने टाकून दिला, आणि रस मात्र इतक्या काळजीने राखला की तो वहीत उतरवून ठेवला. आम्ही चौदा जणांनी विषय गिळला, आणि तिसऱ्या प्याल्यानंतर रस कोणता हे आम्हांला सांगता येईना. भोगी कोण आणि संयमी कोण, याचा निवाडा त्या टेबलावर करावयाचा झाला असता तर नेहमीची मोजमापे कामाला आली नसती.

माझा मित्र तोवर बाहेर बागेत उभा होता. मी गेलो तेव्हा तो शिराझच्या एका घडाखाली तळहात धरून, वजन अजमावल्यासारखा, उभा होता. मणी बारीक, साल जाड, आत बी. "आमच्याकडे हा माल व्यापारी बघणारसुद्धा नाही," तो म्हणाला, "विरळणी नाही, डिपिंग नाही, काही नाही. पण चाखून बघ." मी एक मणी तोंडात टाकला. थॉमसनच्या द्राक्षाहून तो कितीतरी गोड होता, आणि सालीचा तुरटपणा नंतर बराच वेळ जिभेवर राहिला. त्याने स्वतःही दोन खाल्ले आणि बिया हातात काढून वाफ्याच्या कडेला टाकल्या.

मी त्याला विचारले, की आत एवढे चालले असताना तुला कधी इच्छा होत नाही का; तुझा रस गेला आहे का? हा प्रश्न मी काहीशा विद्वत्तेच्या तोऱ्यातच विचारला होता, हे कबूल केले पाहिजे. तो हसला.

"अरे, माळ घालायच्या आधी आम्ही काय कमी होतो? रस गेला असता तर माळ कशाला लागली असती?"

एवढे बोलून तो पुन्हा काडी पाहू लागला. ओलांड्यापासून तिसऱ्या डोळ्यावर छाटणी केलेली दिसते, असे काहीतरी तो पुटपुटला. मला मात्र निवृत्ती या शब्दाचा जो अर्थ आजवर पुस्तकांतून कळला होता, तो तेथे थोडा सैल झाला. जिचे महाफल मनूने सांगितले, ती रस संपल्यावर मिळणारी अवस्था असेल असे मी समजत होतो. हा माणूस तर ती रोज सकाळी, रस शाबूत असताना, गळ्यात घालीत होता. आणि त्यासाठी त्याला आमचा मत्सर करावा लागत नव्हता, की आमच्यापासून पळून जावेही लागत नव्हते.

म्हणून परवा तारखेचा पेच पडला तेव्हा मी वकिलाच्या हातून कागद घेऊन त्याला फोन लावला आणि म्हटले, सहल एक आठवडा पुढे नेऊ. तो म्हणाला, काही गरज नाही. तो दशमीलाच दिंडीबरोबर त्र्यंबकास पोहोचेल, एकादशी तेथे करील, द्वादशीला सकाळी पारणे सोडील; आम्ही चौघांनी एकादशीला घाट चढून कावनई उरकावी, नाशकात मुक्काम करावा, आणि द्वादशीला दहाच्या सुमारास त्याला त्र्यंबकाहून उचलावे. यात्रेच्या गर्दीत गाडी गावात येणार नाही, तेव्हा बाहेरच थांबा, आणि डिकीत थोडी जागा ठेवा, टाळ आणि वळकटी आहे, असेही त्याने बजावले. वकिलाने तारीख कायम केली. दिंडोरीहून परत गाडी कोण चालविणार, या इतके दिवस रिकाम्या राहिलेल्या रकान्यात त्याचे नाव लिहिले, आणि त्याच्या विनंतीवरून द्वादशीच्या दुपारच्या जेवणापुढे कंसात 'कांदालसूण नको' असे जोडले.