अध्याय १२, श्लोक १५ : लोक म्हणजे कोण?

आज बाराव्या अध्यायातला पंधरावा श्लोक. भगवंत आपल्या आवडत्या भक्ताची खूण सांगतायत. ज्याच्यामुळे लोकांना उद्वेग होत नाही आणि लोकांमुळे ज्याला उद्वेग होत नाही, तो मला प्रिय. उद्वेग म्हणजे नुसता त्रास नव्हे. मन दचकणं, घाबरंघुबरं होणं हेही त्यात आलं.

ज्ञानेश्वर महाराज इथं समुद्राचा दाखला देतात. समुद्र केवढाही उचंबळला तरी त्यातल्या माशांना त्याची भीती वाटत नाही, आणि एवढे जीव पोटात वावरतात म्हणून समुद्र कंटाळत नाही. ज्या पोरांना ‘संन्याशाची पोरं’ म्हणून वाळीत टाकलं, त्यांच्यातल्या एकानं हे लिहावं, याचं मला दर वेळी नवल वाटतं.

हा श्लोक मी चाळीसेक वर्षं वाचत आले, पण खरं सांगायचं तर अर्धाच वाचला. लोकांमुळे आपण घाबरायचं नाही, एवढाच अर्धा. तो माझ्या सोयीचा होता. कारण मी सगळं आयुष्य लोकांना भ्यायले. डी.एड.ला नंबर लागला होता, तर घरात म्हणाले, लोक म्हणतील मुलीच्या पगारावर डोळा आहे. १९७४ ला लग्न होऊन वाईला आले. डोक्यावरचा पदर, दोन मुलींनंतर ‘आता तिसरी खेप कधी’, हे सगळं झालं. ते काय सांगायचं, माझ्या वयाच्या बायकांना ते पाठ आहे. मनातल्या मनात मी स्वतःला मासा समजत होते आणि लोकांना खवळलेला समुद्र.

पण श्लोकाचा पहिला अर्धा भाग आहे ना. माझ्यामुळे कुणाच्या मनाला धसका बसला का?

बसला. माझ्या थोरल्या जाऊबाईंच्या.

आम्ही त्यांना वहिनी म्हणायचो. १९८३ साली थोरले दीर गेले तेव्हा त्या तेहतीस वर्षांच्या होत्या. संक्रांतीचं हळदीकुंकू आमच्याकडे मोठं असायचं, पन्नास-साठ बायका. तिळगूळ वहिनींच्या हातचा. ओटीचे गहू निवडणं, बोरं-हरभरे धुणं, उसाचे करवे करणं, वाणाच्या डब्या पुसून मांडणं, सगळं त्या करायच्या आणि बायका यायच्या वेळेला माजघरात जाऊन बसायच्या. सासूबाईंचा तसा दंडक होता. मला वाईट वाटायचं. पण आपल्या हातात काय आहे, असं म्हणून मी मोकळी व्हायची.

सासूबाई १९९० ला गेल्या. पुढच्या संक्रांतीला घर माझ्या हातात होतं. बायका जमल्या होत्या. वहिनी तिळगुळाचं ताट घेऊन आल्या आणि दारातच थांबल्या. आत गेल्या नाहीत, नुसत्या उभ्या राहिल्या. माझ्याकडे बघत होत्या. माझ्या हातात कुंकवाचा करंडा होता. फार तर दोन पावलांचं अंतर.

मी म्हटलं, “वहिनी, जरा बघता का, दूध उतू जात असेल.”

“हो,” म्हणाल्या आणि ताट ठेवून आत गेल्या.

गॅसवर दूध नव्हतंच. आणि स्वयंपाकघर त्यांनीच आवरलं होतं, म्हणजे त्यांनाही ते माहीत होतं.

त्या दिवसाबद्दल मी स्वतःशी खूप वकिली केली. मलाही कुणी कधी विचारलं नव्हतं. मी एकटी काय रीत बदलणार होते? पण आता वरचं कुणी उरलं नव्हतं. सासूबाईंचा फोटो भिंतीवर होता, तो काही बोलणार नव्हता. मी भ्यायले ती समोरच्या पन्नास बायकांना. आणि आज विचार करते तर वाटतं, त्यातली एकेक जण उरलेल्यांना भीत होती. कदाचित मलाच भीत असेल, यजमानीण म्हणून. त्या खोलीत लोक असे वेगळे कुणी नव्हतेच. वहिनींपुरते लोक म्हणजे मी.

मे २०२२ मध्ये शिरोळ तालुक्यातल्या हेरवाडच्या ग्रामसभेनं ठराव केला. नवरा गेला म्हणून बाईचं कुंकू पुसायचं नाही, बांगड्या फोडायच्या नाहीत, मंगळसूत्र-जोडवी काढायची नाहीत. त्याच महिन्यात सरकारनंही इतर गावांनी हा कित्ता गिरवावा असं सांगितलं. तेव्हा वहिनी आमच्याकडे राहायला होत्या. मी मोठ्या कौतुकानं त्यांना पेपरातली बातमी वाचून दाखवली. त्या शेंगा फोडत होत्या. म्हणाल्या, “चांगलं केलं हो गावानं.” बस. माझा आवाज तिथंच उतरला. एवढ्या मोठ्या गावाला हात वर करून जे जमलं, ते मला घरात एका करंड्यापुरतं जमलं नव्हतं.

बोलायला मात्र मला यंदाची संक्रांत उजाडावी लागली. वहिनी आता पंचाहत्तरीच्या पुढे आहेत, कमी ऐकू येतं, त्यामुळे माफीसुद्धा मोठ्यानं मागावी लागते. मी म्हटलं, “वहिनी, त्या संक्रांतीला दूध नव्हतं गॅसवर. मी खोटं बोलले.”

त्या जरा आठवत राहिल्या. मग म्हणाल्या, “कुठल्या वर्षीचं म्हणतेस गं? दर वर्षी कुणी ना कुणी काहीतरी बघायला आत पाठवायचंच की.”

रागानं नाही म्हणाल्या. राग असता तर बरं झालं असतं, निदान मला सोसायला काही मिळालं असतं. मी चौतीस-पस्तीस वर्षं उराशी धरलेला अपराध त्यांच्या आठवणीत वेगळा म्हणून नव्हताच. इतरांमध्ये मिसळून गेला होता.

मी करंडा पुढे केला. त्यांनी माझा हात धरला नि म्हणाल्या, “कुंकू नको. कपाळाला सवय नाही आता. हळद लाव.”

मी हळद लावली. हे ‘नको’ त्यांचं स्वतःचं होतं की आम्ही सगळ्यांनी मिळून त्यांच्या तोंडी बसवलेलं, ते मला कळलं नाही. विचारलंही नाही. त्यांनी तिळगुळाची वडी माझ्या हातावर ठेवली आणि यंदा गूळ जरा चिकट आहे म्हणाल्या.

उद्या सोळावा श्लोक घेऊ.

राम कृष्ण हरी.